पैज अलिबागवर नको, उरणवर लावा!

नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमाने उडू लागली आणि रायगडात भविष्यवाल्यांना ऊत आला. पनवेल सोडून पेणच्या दिशेने निघालात की 'विमानतळापासून अमुक मिनिटांवर' हा मजकूर फलकाफलकावर भेटतो. खरे-खोटे फेब्रुवारी २०२७ च्या शिरगणतीत कळेलच. तोवर आपणही पैज लावू: रायगडच्या किनाऱ्यावरचे कोणते मध्यम शहर सर्वांत वेगाने वाढणार?

पनवेल या पैजेत धरायचे नाही. ते आता मध्यम शहर राहिलेले नाही. शिवाय २०१६ मध्ये महापालिका होताना खारघर, कामोठे, कळंबोली असे सगळे त्यात आले. उद्या कोणी जुन्या नगरपालिकेच्या २०११ मधल्या १,८०,०२० या आकड्याशी तुलना करून 'विक्रमी वाढ' अशी बातमी दिली, तर त्यातली बरीचशी वाढ हद्दीची असेल, हे लक्षात ठेवा.

उरलेल्यांत सगळ्यांचा लाडका घोडा म्हणजे अलिबाग. अटल सेतू झाला, मांडव्याला रो-रो लागते, नटनट्यांचे बंगले उभे राहिले, मग आणखी काय हवे? जनगणनेला मात्र हे कौतुक नाही. २००१ मध्ये अलिबाग नगरपालिकेत १९,४९१ माणसे होती, २०११ मध्ये २०,७४३. दहा वर्षांत जेमतेम सहा टक्के. त्याच काळात उरण २३,२५१ वरून ३०,४३९ वर गेले आणि पेण ३०,२०१ वरून ३७,८५२ वर. अलिबागची काही वाढ हद्दीबाहेर चेंढऱ्याकडे सरकली, हे मान्य. तरीही जाहिरातीतले अलिबाग आणि जनगणनेतले अलिबाग यांचा मेळ बसत नाही.

कारण पाहायचे तर मधल्या वारी किहीम, आवास, सासवणे या पट्ट्यात एक फेरी मारा. फाटकाला कुलूप, आत बोअरवेलच्या पाण्यावर राखलेली हिरवळ आणि मागच्या खोलीत माळ्याचे बिऱ्हाड. जनगणना माणूस नेहमी राहतो तिथे मोजते. म्हणजे बंगल्याचा मालक मुंबईत मोजला जाणार आणि माळ्याचे कुटुंब इथे. कोट्यवधींच्या मालमत्तेमागे गावाच्या लोकसंख्येत भर पडते ती चार-पाच माणसांची!

मग शहर वाढते कशाने? याचे उत्तर शोधायला नवी मुंबईसारखे दुसरे उदाहरण नाही. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना 'मार्ग' नियतकालिकात मांडली. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल बांधणारे अभियंते ते हेच पटेल. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाल्यावर नियोजनाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांचा हिशोब सरळ होता: मंत्रालय पलीकडे न्या, त्यामागे नोकऱ्या जातील आणि नोकऱ्यांमागे माणसे. मंत्रालय काही नरिमन पॉइंटहून हलले नाही. वाशीचा खाडीपूल सत्तरच्या दशकातच झाला होता, पण २० लाखांच्या शहराचे स्वप्न १९९१ च्या जनगणनेपर्यंत फार दूर राहिले. १९९२ मध्ये लोकल वाशीला पोचली आणि चित्र पालटू लागले. १९९८ मध्ये ती पनवेलला आली, आणि २००१ ते २०११ या दशकात पनवेल नगरपालिकेची लोकसंख्या ७३ टक्क्यांनी वाढली.

माझे गणित इथेच ठरते. पुलाने जमिनीचा भाव वाढतो, लोकलने वस्ती वाढते. अटल सेतूवर कारला एका खेपेचा टोल २५० रुपये ठरला. महिनाभर हा टोल भरून कामावर जाणारा मध्यमवर्ग आपल्याकडे किती? पण सेतूचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, १२ जानेवारी २०२४ ला, उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. तिची बातमी आतल्या पानावर गेली. जवाहरलाल नेहरू बंदरातले काम जवळच, सीवूड्स-बेलापूर लोकलच्या पासावर आणि शेजारच्या द्रोणागिरीत सिडकोचे भूखंड: वाढीचे सगळे सामान इथे आहे.

तरी सावध राहिलेले बरे. फ्लोरिडा विद्यापीठाचे लोकसंख्यातज्ज्ञ स्टॅनली स्मिथ यांनी अमेरिकेतले जुने अंदाज तपासून दाखवले, की गाव जितके लहान आणि वाढ जितकी वेगवान, तितका अंदाज अधिक चुकतो. तिथे निदान शहरांचे सरकारी अनुमान दरवर्षी निघते. आपल्याकडे केंद्राच्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये अंदाज दिले ते राज्यांचे. उरण-पेणला त्यात कोण विचारतो?

आणि माणसे नकाशाप्रमाणे वागतातच असे नाही. उरण, पेण, पनवेलच्या गावांवर महामुंबई सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) येणार म्हणून केवढा गाजावाजा झाला! २००८ मध्ये पेणच्या २२ गावांत जनमत घेतले गेले, शेतकऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि सेझ गुंडाळले गेले. आता याच तीन तालुक्यांतल्या १२४ गावांवर 'तिसऱ्या मुंबई'चा आराखडा आला आहे, आणि हरकती पुन्हा सुरू आहेत. पाण्याचेही तसेच. हेटवणे धरण पेण तालुक्यात, त्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि पेणच्या खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ही वाटणी बदलल्याशिवाय पेणला दुसरा नंबरच मिळेल.

तेव्हा निकाल असा: नगरपालिकेची हद्द बाजूला ठेवली तर उरण-द्रोणागिरी पहिले, पेण दुसरे. अलिबाग श्रीमंत होईल, मोठे होणार नाही. आणि या पट्ट्यात घर घेणार असाल, तर विमानतळ किती मिनिटांवर हे विचारू नका. शेवटची लोकल किती वाजता आणि नळाला पाणी किती वेळ, एवढेच विचारा.