रुळांनी वसवलेले गाव आणि रुळांनी वेढलेली बाग

अमेरिकेच्या मिसूरी राज्याच्या उत्तर भागात, कॅन्सस सिटी शहराच्या ईशान्येस मार्सेलीन नावाचे सुमारे दोन हजार वस्तीचे गाव आहे. वॉल्ट डिस्ने (१९०१–१९६६) यांच्या बालपणाची काही वर्षे या गावात गेली आणि पुढे कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेल्या ‘डिस्नेलँड’ या उद्यानातील ‘मेन स्ट्रीट, यूएसए’ या पहिल्याच विभागामागची प्रेरणा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. गावात येणारा पाहुणा बहुधा उद्यानातील दुकानांच्या मूळ इमारती शोधू लागतो आणि त्याची थोडी निराशा होते, कारण बाजाराच्या रस्त्यावर दुमजली विटांच्या साध्या, भक्कम वास्तू आहेत. उद्यानातील नक्षीदार झालरी व मनोरे तेथे फारसे नाहीत. गाव आणि उद्यान यांचा खरा सांधा दुकानांच्या दर्शनी भिंतींत नसून रेल्वेत आहे.

मार्सेलीन हे रेल्वेनेच जन्माला घातलेले गाव होय. ‘अ‍ॅचिसन, टोपेका अँड सांता फे’ या कंपनीने १८८७–८८ च्या सुमारास कॅन्सस सिटीपासून शिकागोपर्यंत आपला थेट मार्ग टाकला, तेव्हा वाफेच्या इंजिनांच्या गरजेपोटी ठरावीक अंतरावर विभागीय ठाणी उभारणे भाग होते. विभागीय ठाणे म्हणजे जेथे इंजिनात कोळसा व पाणी भरले जाई, किरकोळ दुरुस्ती होई आणि चालक व त्याचे सहकारी उतरून नवी तुकडी गाडीचा ताबा घेई, असे स्थानक. मोकळ्या माळावर असे ठाणे आले, की त्यामागोमाग कामगारांची घरे, खाणावळी, दुकाने आणि पेढी येत. १८८८ मध्ये मार्सेलीन असेच वसले. वॉल्ट यांच्या नात्यातील माइक मार्टिन हे याच मार्गावर आयोवा राज्यातील फोर्ट मॅडिसन ते मार्सेलीन या टप्प्यात इंजिन चालवत असत आणि आपल्या नात्यातला माणूस एवढे मोठे यंत्र हाकतो, याचा त्या मुलाला किती अभिमान वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

डिस्ने कुटुंबाची हकीकत थोडक्यात अशी: वडील एलायस यांनी शिकागो सोडून १९०६ मध्ये येथे सुमारे पंचेचाळीस एकरांची शेती घेतली, ती पुरेशी फळली नाही, आजारपण आले आणि कुटुंब १९११ च्या सुमारास कॅन्सस सिटीला गेले.

एवढ्या अल्प वास्तव्याचा ठसा मात्र विलक्षण खोल उमटला. लॉस एंजेलिसमधील आपल्या घराच्या आवारात डिस्ने यांनी १९५० मध्ये मूळ आकाराच्या एक-अष्टमांश मापाची, खऱ्या वाफेवर धावणारी छोटी रेल्वे घातली, इंजिनाला पत्नी लिलियन यांच्यावरून ‘लिली बेल’ हे नाव दिले आणि रुळांचे सांधे बदलण्याची कळ ज्या कोठारात बसवली, ते मार्सेलीनच्या शेतातील कोठाराच्या आठवणीवर बेतले. हे कोठार आज त्याच शहरातील ग्रिफिथ पार्कमध्ये जतन केलेले आहे. या परसातल्या रेल्वेकडे एका धनवंताचा छंद म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण डिस्नेलँडच्या रचनेचे बीज तिच्यात स्पष्ट दिसते.

डिस्नेलँडभोवती मातीचा उंच भराव घातलेला असून त्याच्या माथ्यावरून तीन फूट रुंदीच्या अरुंद मार्गावर वाफेची गाडी फिरते. प्रवेशद्वारातून आलेल्या प्रत्येकाला प्रथम रेल्वे स्थानक दिसते, रुळांखालच्या बोगद्यातून जावे लागते आणि मगच रस्ता समोर उलगडतो. रेल्वेने वसलेल्या गावात पाहुणा स्थानकातूनच शिरत असे, तोच क्रम येथे जपला आहे. आरंभीच्या दोन इंजिनांपैकी पहिल्याला सांता फे कंपनीचे संस्थापक सायरस हॉलिडे यांचे, तर दुसऱ्याला तिचे अध्यक्ष एडवर्ड रिप्ली यांचे नाव मिळाले. मार्सेलीनमधील सार्वजनिक बागेलाही याच रिप्लींचे नाव आहे आणि तेथे वाफेचे एक जुने इंजिन उभे आहे. गाव आणि उद्यान यांच्या नात्याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

रस्त्याचे श्रेय मात्र एकट्या मार्सेलीनला देता येत नाही. कलादिग्दर्शक हार्पर गॉफ यांनी आपल्या कोलोराडोतील फोर्ट कॉलिन्स या जन्मगावच्या वास्तू आराखड्यात आणल्या, तर वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाचे बांधून इमारतींची उंची वाढल्याचा भास निर्माण करण्याची युक्ती चित्रपटांच्या सेटवरून आली. मार्सेलीनने दिला तो रस्त्याचा भाव. तपशील इतरांनी पुरवले.

गावात पाहण्यासारखे आज पुष्कळ आहे. १९१३ मध्ये बांधलेल्या सांता फे स्थानकाच्या इमारतीत डिस्ने यांच्या जीवनावरील संग्रहालय असून २००१ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ते सुरू झाले. त्याच वर्षी गावकऱ्यांनी शेतातील कोठार नव्याने उभारले. त्याच्या लाकडी भिंतींवर पाहुण्यांनी आपली नावे व निरोप लिहावेत, अशी प्रथा पडली आहे. ज्या कॉटनवुड वृक्षाखाली वॉल्ट रमत, तो आता राहिलेला नाही. त्याच्या जागी त्याच्याच वंशाचे झाड वाढत आहे. १९५६ मध्ये वॉल्ट व त्यांचे बंधू रॉय पोहण्याच्या तलावाच्या व उद्यानाच्या समारंभासाठी आले होते, तर १९६० मध्ये वॉल्ट यांच्या नावाच्या प्राथमिक शाळेचे उद्घाटन झाले. डिस्नेलँडमधील लहान मुलांच्या मोटारींचा एक खेळही १९६६ मध्ये गावाला भेट मिळाला आणि काही वर्षे तेथे चालला. जुन्या शेतीवर विसाव्या शतकारंभीचे ग्रामजीवन दाखवणारा प्रकल्प उभारण्याचा बेत डिस्ने यांच्या मृत्यूनंतर मागे पडला, ही मोठीच हानी म्हणावी लागेल, कारण तो उभा राहता तर या गावाला उद्यानाची सावली म्हणून नव्हे, स्वतःच्या हक्काने पाहुणे लाभले असते.

शिकागो–लॉस एंजेलिस प्रवासी गाडी आजही मार्सेलीनवरून जाते, मात्र तेथे थांबत नाही. जवळचा थांबा असलेले स्थानक ला प्लाटा होय. म्हणून बहुतेक पाहुणे कॅन्सस सिटीहून मोटारीने येतात, आणि संग्रहालय हिवाळ्यात बंद असल्याने त्यांनी वसंत ते शरद या काळातच येणे सोयीचे ठरते.