'बिसेट' : भोवती बसण्याचे दोन प्रकार

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास 'बिसेट' हे क्रियापद प्रथम भेटते, तेव्हा कोशात त्याचे दोन अर्थ आढळतात : वेढणे आणि त्रस्त करणे. वेढा पडला म्हणजे त्रास व्हायचाच, असे समजून तो पुढे जातो. परंतु या शब्दाची फोड करून पाहिली, तर तीत मारणे नाही, ओरडणे नाही. आहे ते केवळ बसणे.

जुन्या इंग्रजीत 'बेसेत्तान' असे क्रियापद होते. 'बे' म्हणजे भोवती आणि 'सेत्तान' म्हणजे बसविणे. 'सिट' या बसण्याचेच ते प्रयोजक रूप होय. मुकुटाभोवती रत्ने बसविली, तरी तो 'बिसेट'च. नगराभोवती शत्रूची माणसे बसली, तरी तेही 'बिसेट'च. पुढे रत्नांचा अर्थ मागे पडला व संकटाचा उरला. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात तर हे क्रियापद पापास लाविले आहे. त्यावरूनच माणसाच्या हाडीमासी खिळलेल्या दोषास 'बिसेटिंग सिन' म्हणू लागले.

या शब्दाचे गोत मोठे आहे. बसणे या अर्थाच्या लॅटिन 'सेदेरे' धातूपासून वेढ्याचा वाचक 'सीज' फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'ऑब्सेस' म्हणजे मुळात पुढ्यात ठाण मांडून बसणे. आज मनाची पाठ न सोडणाऱ्या विचारास तो शब्द लावितात. संस्कृतातील 'सद्' धातू याच कुळातला. 'परि' म्हणजे भोवती. तेव्हा 'परिषद्' म्हणजे भोवती बसणे. रचना तीच, धातूचे कुळ तेच. पण इंग्लंडात त्यातून छळ निघाला आणि भारतात विचारविनिमय!

अर्थात भोवती बसून छळण्याची कला या देशास अपरिचित होती, असे मात्र नव्हे. धनको ऋणकोच्या दाराशी उपाशी धरणे धरून बसे. दैवी कोपाचे भय घालून असे बसणे, हे 1860 च्या दंडसंहितेत अपराधाचे उदाहरण म्हणून दिलेले होते. पुढे 1967 च्या सुमारास बंगालमधील कामगारांच्या लढ्यामुळे 'घेराव' हा शब्द थेट इंग्रजी कोशात जाऊन बसला.

तात्पर्य, बसणे हे स्वतः निरुपद्रवी आहे. मधल्या माणसास उठून जाण्याची मोकळीक असेल, तर ती परिषद. नसेल, तर तो वेढा.