आधी नंबर, मग रंग

कुक्षीच्या रस्त्याला, बाग गाव संपता संपता एक पत्र्याची शेड आहे. तिथे मिस्त्रीकाकांनी जीपचे बॉनेट उचलले, चेसिसची डावी पट्टी रॉकेलने भिजवली आणि तारेच्या ब्रशने हळूहळू घासली. अर्ध्या तासाने खालचे लोखंड दिसले. त्यावर पातळ कागद ताणून धरत त्यांनी पेन्सिल आडवी फिरवली, आरटीओत लागतो तसा छाप घेतला. काळ्या शिशात एकेक आकडा पांढरा उमटत गेला. मधल्या एका आकड्याच्या जागी मात्र नुसता सपाट चट्टा आला. कुणीतरी तिथे कधीकाळी ग्राइंडर फिरवला होता. गाडी देखणी होती, आवाज गोड होता, भावही परवडणारा होता. तो छाप घडी करून खिशात घातला आणि मी जीप न घेता धारला परतलो.

जुन्या लष्करी गाड्यांचा नाद लागलेल्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगतो. इंजिन दुरुस्त होते, पत्रा नवा बसतो, हूड शिवून मिळते. गाडीची ओळख मात्र एकदा पुसली की परत येत नाही.

या भागात जीप इतकी का टिकली, ते टांड्याकडून बागेकडे येताना कळते. डोंगर, नाले, पावसाळ्यात वाहून जाणारे रस्ते आणि हाटाच्या दिवशी पाड्यापाड्यांतून निघणारी माणसे. जिथे एसटीसारखी बस पोचत नाही तिथे जीप पोचते. आत मावतात त्याच्या दुप्पट माणसे, मागे लोंबकळणारी पोरे, टपावर धान्याची पोती आणि बांधलेली कोंबडी. ही गाडी हौसेची कधीच नव्हती, ती पोटाची होती. म्हणून ती भंगारात गेली नाही. पण याच वापराने तिचा मूळपणाही खाल्ला. पेट्रोल परवडेना तेव्हा मूळ इंजिन उतरले आणि मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसले. पुण्याच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेले ते इंजिन मध्य भारतातल्या किती जुन्या जीपांच्या पोटात धडधडत असेल! मूळ इंजिन गेल्याचे दुःख मलाही होते. पण ते बदलणाऱ्या ड्रायव्हरला नावे ठेवणे मला कधीच पटले नाही. त्याने बदल केला म्हणून तर आज आपल्याला जपायला काही उरले आहे.

विलीज एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू या दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्या. 1941 ते 1945 या काळात दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक निघाल्या. एकच नकाशा, दोन कारखाने. ओळखायची कशी? रेडिएटरखाली वाकून चेसिसची पुढची आडवी दांडी बघा. गोल नळी असेल तर विलीज, उलट्या पन्हळीसारखी असेल तर फोर्ड. फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यांवरही इंग्रजी एफ अक्षर उमटवले होते. बागेतला कुठलाही मिस्त्री ते अक्षर अंगठ्याने चाचपून सांगतो. साठ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची वायरिंग, ड्रायव्हरच्या बुडाखाली टाकी, ऐंशी इंचांचा व्हीलबेस. नको ते काहीच नाही, आणि म्हणूनच पाऊण शतकानंतरही ती खोलता येते, जोडता येते.

आपल्याकडची पुढची गोष्ट मुंबईची. महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी 1945 मध्ये निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीच्या नावात दोन महिंद्र आले. विलीजचे सुटे भाग बोटीने यायचे आणि त्यांची जोडणी इथे व्हायची. पुढे सीजे-थ्रीबी आली. तिचे इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. आपल्या पिढीने सिनेमात, फॉरेस्ट खात्यात, तहसीलदाराच्या दारात पाहिलेली जीप बहुधा हीच. संग्राहक तिला विलीजपेक्षा कमी मानतात. मला ते अन्यायाचे वाटते. विलीजने महायुद्ध पाहिले असेल, पण या देशाची धरणे आणि निवडणुका थ्रीबीने पाहिल्या.

जोंगाचे प्रकरण वेगळे. ‘निसान पॅट्रोल’ या गाडीवर बेतलेली ही गाडी लष्करासाठी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत तयार होई. जबलपूरच्या आयुध आणि तोफगाडी कारखान्यांच्या इंग्रजी नावांतली आद्याक्षरे जुळवून तिचे नाव झाले. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन. पंप दिसला की थांबावे लागते. 1999 च्या सुमारास ती बंद झाली. महेंद्रसिंग धोनी 2019 मध्ये रांचीत जोंगा चालवताना दिसला आणि तेव्हापासून ज्याला त्याला जोंगा हवी झाली. हौस वाढली याचा आनंद आहे, पण त्या लाटेत किती गाड्यांना रुंद चाके, दिव्यांच्या पट्ट्या आणि लोखंडी पिंजरे लागले ते पाहून जीव तुटतो.

लष्कराची गाडी नागरिकाच्या हाती येते ती लिलावातून. हल्ली हे लिलाव बहुतांशी ऑनलाइन होतात. पण लिलावात गाडी आपल्या नावे झाली एवढ्यावर काम भागत नाही. लष्करी पाटीवरचा बाण आणि आकडे लिलावानंतर लावता येत नाहीत. विक्रीचे पत्र, चेसिस आणि इंजिन नंबर, मग आरटीओची तपासणी ही साखळी अखंड हवी. मधली एक कडी हरवलेल्या गाड्या स्वस्त मिळतात. मी एकदा मोहात पडलो होतो. कागदावरचा इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर यांत एका आकड्याची तफावत निघाली. एका कार्यालयाच्या पायऱ्या दोन वर्षे झिजवल्या आणि शेवटी गाडी सुट्या भागांसाठी देऊन टाकली. तिचा ट्रान्सफर केस आजही माझ्याकडे आहे.

रंगाचे तर अनेकांना माहीतच नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 121 व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तुमची जीप बर्मा आघाडीवरून आलेली असली तरी तो रंग तिला लावता येत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. तो रंग पाहून रस्त्यावरचा माणूस बाजूला होतो आणि नाक्यावरचा पोलीस हात खाली घेतो. तो मान गणवेशाचा आहे.

2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी व्हीए मालिकेचा नंबर घेऊ शकते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला 5,000. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढता येत नाही. आता मॅटाडोर इंजिनाच्या जीपचे काय? नियमाच्या शब्दांत ती मूळ रूपातली नाही. पण चाळीस वर्षे ती त्याच इंजिनावर चालली असेल तर तो तिचा इतिहास नव्हे का? मला वाटते, अशा गाड्यांसाठी नियमात जागा हवी. हौसेने केलेला बदल आणि गरजेने केलेला बदल यांना एका मापाने मोजू नये.

दुसरे टोक आहे नव्याने बांधलेल्या जुन्या गाडीचे. फिलिपिन्समध्ये विलीजचे पत्र्याचे अख्खे धड आजही नवे तयार मिळते. हरियाणातले मंडी डबवाली अशा उघड्या जीप बांधण्यासाठी ओळखले जाते. तिथले हात कसबी आहेत यात शंका नाही. पण कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये बोट ठेवले आहे. शिवाय सगळाच पत्रा नवा असेल तर जुने काय जपले, हा प्रश्न उरतोच.

मूळ लष्करी गाडी कशी होती ते डोळ्यांनी पाहायचे असेल तर अहिल्यानगरला जा. रणगाड्यांचे संग्रहालय 1994 पासून तिथे आहे. रणगाडे पाहायला लोक जातात, मी तिथल्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपुढे तासभर उभा राहतो. आमच्या बाजूला महूचे इन्फंट्री संग्रहालय जवळ पडते. अशा ठिकाणी वही घेऊन जावे. बोल्ट कुठल्या दिशेने बसवलाय, दिव्याभोवतीची कडी कशी आहे, हे फोटोत नेमके सापडत नाही.

शेवटी मी जी जीप घेतली ती जीपीडब्ल्यू, सगळे आकडे शाबूत, पोटात मॅटाडोर. तिचे पेट्रोल इंजिनही मिळाले आहे, पण ब्लॉकला तडा आहे आणि तो शिवायला माणूस शोधतो आहे. तोवर ती डिझेलवरच बागेपर्यंत येते-जाते. मागच्या थंडीत परतताना अंधारात फॅनबेल्ट तुटला. मी बॅटरी शोधत होतो. मिस्त्रीकाकांनी काही न बोलता हेडलाइटमागचा चिमटीतला नट सैल केला आणि अख्खा दिवा मागे उलटवला. उजेड सरळ इंजिनावर पडला. 1944 मध्ये ज्या कामासाठी तो तसा बनवला होता त्याच कामाला तो लागला होता, आणि काका त्या उजेडात नवा बेल्ट चढवत होते.