बाहुलीघराचे कमानदार छप्पर

बाहुलीघराच्या किटमधल्या भिंती, दारे, जिना हे सगळे खाचेत खाच बसवले की उभे राहते. अडते ते गोल छपराशी. सपाट तुकडा वाकवायचा, तो वाकलेला ठेवायचा आणि दोन्ही टोके एकाच वेळी भिंतीवर टेकवायची. मुले इथे कंटाळतात आणि मोठी माणसे फेव्हिकॉलची बाटली उपडी करतात. संभाजीनगरकरांना मात्र हे काम शिकायला फार लांब जावे लागत नाही. वेरूळची लेणी शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर आहेत.

दहाव्या लेण्याचे छत

वेरूळची पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. त्यांतले चैत्यगृह एकच, क्रमांक १०. त्याला विश्वकर्मा म्हणतात आणि सुताराची झोपडी असेही म्हणतात. स्तूपासमोर उभे राहून मान वर केली की नावाचे कारण कळते. गोलाकार छताला एकामागून एक वासे लावलेले दिसतात, अगदी लाकडी घरासारखे. ते सगळे दगडात कोरलेले आहेत. डोंगर पोखरून केलेल्या या दालनाला वाशांची काहीच गरज नव्हती. पण त्याआधी कित्येक शतके लाकडी छपरे बांधणाऱ्यांची सवय दगडातही उतरली. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खरे लाकडी वासे आजही छताला आहेत.

किट जोडणाऱ्याने या छतावरून एक गोष्ट घ्यावी: छपराला आकार कमानींनी द्यायचा. वरचा पत्रा, पुठ्ठा किंवा प्लाय त्या आकारावर नुसता टेकतो. ज्या किटमध्ये दोन्ही टोकांच्या भिंतींखेरीज मध्ये एकही कमान नसते, तिथे जाड पुठ्ठ्याच्या दोन-तीन कमानी कापून घालाव्यात. पातळ पुठ्ठ्याचे छप्पर असेल तर दर पाच-सहा सेंटिमीटरवर एक कमान हवी, नाहीतर मधला भाग बसका दिसतो.

माप घेताना

अर्धगोल छपराची रुंदी २० सेंटिमीटर असेल तर त्रिज्या १० आणि वाकवायच्या तुकड्याची लांबी सुमारे ३१.४ सेंटिमीटर. पण हे माप कमानीच्या कडेचे झाले. छपराचा तुकडा ३ मिलिमीटर जाड असेल, तर त्याची बाहेरची बाजू जवळपास साडेनऊ मिलिमीटरने लांब पडते. वर कागदाची कौले चिकटवायची असतील तर त्यांचे माप बाहेरच्या बाजूवरून घ्या. नाहीतर वळचणीला सेंटिमीटरभर उघडी पट्टी राहते आणि सगळी कौले उखडावी लागतात.

वाकवताना

पुठ्ठा एका दिशेने सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने अडतो. सहज वाकणारी दिशा छपराच्या गोलाईत यायला हवी, म्हणजे पुठ्ठ्याचे तंतू आढ्याच्या लांबीला समांतर पडतात. प्लायच्या वरच्या थराच्या रेषाही तशाच ठेवाव्यात. पातळ प्लाय ओल्या फडक्याने दमट करून बाटलीवर गुंडाळावा, रबरबँड लावून रात्रभर वाळू द्यावा. बाटली छपरापेक्षा कमी त्रिज्येची घ्या, कारण सुटल्यावर प्लाय थोडा उलगडतोच. एमडीएफला पाणी लावू नका, तो फुगतो. त्याला आतल्या बाजूने, आढ्याला समांतर, जवळजवळ चिरा द्याव्या लागतात. चीर दोन तृतीयांश जाडीपर्यंत पुरते. लेझरने कापलेल्या किटमध्ये त्या बहुधा आधीच असतात.

सगळ्यात भरवशाची रीत मला दोन थरांची वाटते. एक जाड तुकडा वाकवण्याऐवजी दोन पातळ पुठ्ठे घ्यायचे, मध्ये फेव्हिकॉल लावून दोन्ही एकत्र बाटलीवर बांधायचे. ओले असताना थर एकमेकांवर सरकतात. वाळले की सरकणे थांबते आणि गोलाई तशीच धरून राहते. औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे साधे कार्डशीट यासाठी पुरते.

चिकटवण्याआधी छप्पर एकदा कोरडेच बसवून पाहा. मग आढ्यापासून सुरुवात करा: मधली रेघ कमानींवर टेकवा, मास्किंग टेप लावा, ती पक्की धरली की दोन्ही बाजूंनी खाली या. एका वळचणीपासून सुरुवात केली तर सगळी चूक दुसऱ्या वळचणीला जाऊन साचते.

मागचा अर्धघुमट

खरी कसोटी इथे आहे. दहाव्या लेण्याचा मागचा भाग गोल आहे, तिथे वासे स्तूपाच्या वर एकत्र येतात. बुरूज किंवा मनोरा असलेल्या बाहुलीघरातही हाच आकार येतो. सपाट कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो, दोन्ही दिशांनी वाकवला की चुरगळतो. म्हणून घुमट संत्र्याच्या फोडींसारख्या पाकळ्यांत कापावा लागतो.

१० सेंटिमीटर त्रिज्येच्या पूर्ण घुमटाला बारा पाकळ्या धरल्या तर अर्ध्याला सहा लागतात. प्रत्येक पाकळीची उंची १५.७ सेंटिमीटर आणि तळाची रुंदी ५.२. निम्म्या उंचीवर रुंदी ३.७ सेंटिमीटर ठेवायची. बहुतेक जण पाकळी सरळ त्रिकोणी कापतात, म्हणजे तिथे रुंदी २.६ होते आणि घुमटाऐवजी टोकदार टोपी तयार होते. पाकळीच्या कडा बाहेर फुगलेल्या हव्यात. बीबी का मकबऱ्यासारखा, तळापेक्षा वर रुंद होणारा घुमट करायचा असेल, तर पाकळीही आधी फुगते आणि मग निमुळती होते. नवशिक्यांनी आधी साधा अर्धगोल करावा.

किट उघडण्याआधी एक सकाळ दहाव्या लेण्यात घालवा. पट्टी आणि वही बरोबर न्या, वाशांची मांडणी कागदावर काढून आणा. फक्त मंगळवार टाळा, त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात.