अठ्ठेचाळीस, सेहेचाळीस आणि ऊस

कागल असो की कोल्हापूर, बी.एस्सी. जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कांद्याचं मूळ ठरलेलंच. मुळाचं टोक आम्लात मऊ करायचं, रंगवायचं, कव्हरस्लिपखाली अंगठ्यानं दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. दिसतं काय? बहुतेक पेशी विभाजनाच्या वाटेला न गेलेल्या आणि चार-दोन पेशींत गुणसूत्रांचा गुंता. जर्नलमध्ये मात्र सगळ्या अवस्था रेखीव, थेट पुस्तकातून उतरलेल्या!

डोळ्यांपेक्षा पुस्तकावर विश्वास का? उत्तर आधीच ठरलेलं आहे, प्रयोगानं ते फक्त आणून दाखवायचं, ही समजूत मनात घट्ट असते म्हणून. पण पोरांना हसू नका. ही समजूत भल्याभल्यांना चकवून गेली आहे.

१९२३ साली थिओफिलस पेंटर यांनी माणसाची गुणसूत्रं ४८ असल्याचं जाहीर केलं. पुढची तीसेक वर्षं जगभर ४८च मोजली गेली! १९५२ मध्ये टी. सी. शू यांना युक्ती सापडली: पेशी कमी क्षारांच्या द्रावणात ठेवली की पाणी पिऊन टम्म फुगते आणि गुणसूत्रं सुटी होतात. आता तरी नीट मोजता येणार ना? शूंनी मोजली आणि लिहिलं, ४८! अखेर १९५६ मध्ये स्वीडनमधल्या ज्यो हिन त्यिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी दिसलं तेवढंच लिहिलं: ४६.

म्हणजे चूक भिंगात नव्हती, अपेक्षेत होती. आणि ती सुधारली कुणी? पुन्हा मोजणाऱ्यांनीच. विज्ञानाचं बळ ते हेच.

आता प्रयोगशाळेबाहेर या. कागलच्या शाहू कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीकडे बघा. निम्मी गुणसूत्रं आईकडून, निम्मी बापाकडून, हा नियम आपण शाळेपासून घोकतो. ऊस तो धाब्यावर बसवतो! जाड, गोड जातीच्या उसात ८० गुणसूत्रं असतात. रानटी उसाशी त्याचा संकर केला की ही आई निम्मी ४० न देता बहुधा सगळीच्या सगळी ८० पोराच्या पदरात टाकते. म्हणून आजच्या संकरित उसात साधारण १०० ते १३० गुणसूत्रं सापडतात आणि वाणागणिक आकडा बदलतो.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, सूक्ष्मदर्शकात गुंता दिसला तर जर्नलमध्ये गुंताच काढा. नियम मोडणारा ऊस कुणाच्या तरी नजरेला पडला, तो असंच दिसलं ते लिहिल्यामुळे!