फिट बसलं म्हणजे खरं झालं?

जर्नलमधला ग्राफ सरळ रेषेत यावा म्हणून रीडिंग कसं 'ॲडजस्ट' करायचं, हे ज्ञान फर्स्ट इयरलाच सीनियर्सकडून मिळतं. रेषा बिंदूंतून झकास गेली की आपण खूश. पण व्हायव्हाला कोणी विचारलं, "रेषा बसली, म्हणून नियम सिद्ध झाला का?" तर आपली बोलती बंद! सामाजिक शास्त्रांत हाच प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तिथे जे मोजायचं तेच दिसत नाही.

व्होल्टेज मोजायला मीटर आहे. बुद्धिमत्ता, ताण, समाधान मोजायला मीटर कुठून आणणार? अशा न दिसणाऱ्या राशींना 'लेटंट व्हेरिएबल', म्हणजे सुप्त चल, म्हणतात. समजा, आपल्याला मेसबद्दलचं समाधान मोजायचंय. मग चव, स्वच्छता, वाढप, वेळ अशा गोष्टींना १ ते ५ गुण द्यायला सांगायचे आणि गृहीत धरायचं की या सगळ्या उत्तरांमागे 'समाधान' नावाची एकच अदृश्य गोष्ट आहे. म्हणूनच ती एकत्र वरखाली होतात. हे झालं मॉडेल. त्यानुसार उत्तरांमधले परस्परसंबंध किती यायला हवेत ते काढायचं आणि प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून बघायचं. जुळलं की मॉडेल 'फिट'.

पहिला सापळा इथेच आहे. फक्त ३ प्रश्न विचारले तर हातात ६ आकडे येतात: ३ व्हेरियन्स आणि ३ कोव्हेरियन्स. मॉडेलमधले अज्ञातही ६: प्रत्येक प्रश्नाचं लोडिंग आणि प्रत्येकाची त्रुटी. सहा समीकरणं, सहा अज्ञात! एखादा विचित्र अपवाद सोडला तर उत्तर तंतोतंत येणारच. दोन बिंदूंतून रेषा काढायची आणि "बघा, किती अचूक!" म्हणायचं, तशातली गत. ४ प्रश्न घेतले तर आकडे १० आणि अज्ञात ८. तेव्हा कुठे मॉडेलला नापास व्हायची संधी मिळते. आणि ज्याला नापास होताच येत नाही, त्याच्या पास होण्याला काय अर्थ?

दुसरा सापळा काय-स्क्वेअर टेस्टचा. तिचा आकडा म्हणजे साधारणपणे विसंगती गुणिले (माणसांची संख्या वजा १). म्हणजे विसंगती तेवढीच असली तरी १०१ मुलांऐवजी १००१ मुलांना विचारलं की आकडा दसपट होतो. थोडी माणसं घेतली तर चुकीचं मॉडेलही निसटतं; खूप घेतली तर बारीकशा फरकानेही मॉडेल गारद होतं. यावर तोडगा म्हणून आरएमएसईए, सीएफआय असे निर्देशांक आले. १९९९ साली हू आणि बेंटलर यांनी आरएमएसईए ०.०६ च्या आसपास किंवा कमी आणि सीएफआय ०.९५ च्या आसपास किंवा जास्त असावा, असं सुचवलं. झालं! ते आकडे म्हणजे जणू पासिंगचे ४० मार्क होऊन बसले. वास्तविक ते विशिष्ट मॉडेल्सवर केलेल्या सिम्युलेशनमधून आलेले अंदाज होते.

पण सगळ्यात मोठी गोम वेगळीच आहे. १९०४ साली चार्ल्स स्पिअरमन यांनी पाहिलं, की वेगवेगळ्या विषयांत मिळणारे गुण एकत्र वरखाली होतात. त्यांनी निष्कर्ष काढला, की या सगळ्यांमागे एकच 'सामान्य बुद्धिमत्ता' आहे. १९१६ साली गॉडफ्री थॉमसन यांनी दाखवून दिलं, की असा एकच घटक मुळीच नसला आणि अनेक छोट्या स्वतंत्र घटकांची सरमिसळ असली, तरी संबंधांचा नमुना तसाच दिसू शकतो. आकडे तेच, गोष्टी दोन, आणि दोन्ही फिट! हा वाद नुसता पुस्तकी नव्हता. १९४४ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये 'इलेव्हन प्लस' परीक्षेवर, ज्यात बहुधा बुद्धिमत्ता चाचणीही असे, मुलाला ग्रामर स्कूल मिळणार की नाही हे ठरायचं. अकरा वर्षांच्या पोराचं भवितव्य एका न दिसणाऱ्या राशीवर!

मग करायचं काय? एकच मॉडेल बसवून थांबू नये. त्याला टक्कर देणारी दुसरी मॉडेल्सही तपासावीत. एकूण आकड्यावर न जाता विसंगती नेमकी कुठे आहे ते बघावं. नव्या लोकांवर मॉडेल टिकतं का ते पाहावं. आणि प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना सारखाच लागतो का, हेही. "भाजी तिखट असते का?" याला नागपूरचा आणि रत्नागिरीचा पार्टनर दोघांनीही ५ गुण दिले, तर एकाची ती तारीफ असेल आणि दुसऱ्याची तक्रार! दोघांची बेरीज करून 'समाधान' काढलं तर ते कोणाचं?

थोडक्यात काय, तर मॉडेल फिट बसलं म्हणजे आकड्यांनी त्याला अजून खोटं ठरवलेलं नाही, एवढंच. पुढच्या वेळी मेसचा किंवा टीचिंग फीडबॅकचा फॉर्म समोर आला आणि त्याची सरासरी नोटीस बोर्डावर लागली, की सगळ्यांनीच, विद्यार्थ्यांनी आणि सरांनीही, एक प्रश्न जरूर विचारावा: हे आकडे चुकीचे ठरायला काही वाव ठेवला होता का?