बायका कुठे होत्या? ब्रुज शहरातली एक पायी फेरी

मागच्या भागात आपण गटाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आज जरा लांब जाऊ या. पार युरोपात, बेल्जियम नावाच्या छोट्याशा देशात, ब्रुज नावाच्या जुन्या शहरात. तुम्ही म्हणाल, आम्हाला शेतातून घरी यायला सवड नाही आणि ताई युरोपच्या गोष्टी सांगतात. पण शेवटपर्यंत ऐका. या गोष्टीतली निम्मी गोष्ट आपलीच आहे.

आम्ही चौघी जणी, चार तालुक्यांच्या बचत गट समन्वयक, एका अभ्यास दौऱ्यावर बेल्जियमला गेलो होतो. राजधानी ब्रुसेल्समध्ये बैठका होत्या. एक दिवस मोकळा मिळाला. ब्रुसेल्सहून आगगाडीने साधारण तासाभरात ब्रुजला पोहोचता येतं, म्हणून तिकडे निघालो. तिथे जाऊन काय करायचं ते ठरेना. दोघी म्हणाल्या, बाजार फिरू, पोरांना काहीतरी घेऊ. एक म्हणाली, फोटो काढू आणि परत येऊ. शेवटी एकीने ऐकलेलं सांगितलं की इथे गाइडबरोबर पायी फेरी करता येते. दोन तास चालायचं, गाइड सांगत जाते, आपण ऐकत जायचं.

आधी ही फेरी चालते कशी ते सांगतो. दोन प्रकार असतात. एका प्रकारात आधीच तिकीट काढायचं, किंमत ठरलेली. दुसऱ्या प्रकारात तिकीट नसतं. चौकात ठरलेल्या वेळी गाइड छत्री उंच धरून उभी असते, ज्याला यायचं त्याने यावं, आणि फेरी संपल्यावर आपल्या मनाला येईल ते द्यावं. याला ते लोक ‘फुकट फेरी’ म्हणतात, पण ती फुकट नसते. त्या पैशावरच गाइडचं घर चालतं. आम्हाला आधी वाटलं, वा, फुकट! मग आमच्यातली एक म्हणाली, “अगं, आपल्याला कुणी ‘मनाला येईल ते द्या’ म्हणून राबवलं तर?” तेव्हा चौघींनी मिळून आधीच रक्कम ठरवली आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवली.

फेरी सुरू झाली मोठ्या बाजारचौकातून. चौकाच्या एका बाजूला ८३ मीटर उंचीचा घंटांचा मनोरा आहे. वर चढायला ३६६ पायऱ्या, आणि वरती ४७ घंटा. आम्ही वर गेलो नाही, खालूनच मान दुखली. पण गाइडने मनोऱ्यातल्या एका खोलीबद्दल सांगितलं ते आम्ही विसरलो नाही. शहराला मिळालेले हक्क, सवलती, करार, असे सगळे कागद त्या खोलीत लोखंडी जाळीमागे ठेवत. कुलपं एकाहून जास्त, आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. सगळे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायचीच नाही. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. आपल्याकडे सुद्धा पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे असं करतो ना? सातशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यापाऱ्यांनाही तीच अक्कल सुचली होती. विश्वास असतो, तरी कुलूप लागतं.

चौकाच्या मध्यभागी दोन माणसांचा पुतळा आहे, १८८७ साली उभारलेला. त्यातला एक विणकर, एक खाटीक. १३०२ साली फ्रान्सच्या राजाविरुद्ध या शहराने उठाव केला, त्याचे हे पुढारी. राजाचा नाही, सरदाराचा नाही, विणकराचा पुतळा शहराच्या छातीवर. याचं कारण असं की हे शहर कापडावर उभं राहिलं. इंग्लंडहून लोकर यायची, इथे आणि आसपासच्या गावांत तिचं कापड व्हायचं आणि ते समुद्रमार्गे दूरदूर जायचं. शहराला समुद्राशी जोडणारी एक खाडी होती, झ्विन तिचं नाव. बाजारचौकाच्या एका बाजूला तर पूर्वी मोठा मंडप होता, त्यात होड्या थेट आत येऊन माल उतरवत. इटलीचे व्यापारीही इथे येऊन राहत. फान डेर बुर्झं नावाच्या घराण्याची इथे खानावळ होती आणि तिच्यासमोर व्यापारी सौदे करत. युरोपातल्या बऱ्याच भाषांत शेअर बाजाराला जो ‘बोर्स’ शब्द आहे, तो त्या घराण्याच्या नावावरून आला असं सांगतात.

मग एवढं श्रीमंत शहर असं जुन्या काळात थांबल्यासारखं का दिसतं? खाडी गाळाने भरत गेली. मोठी जहाजं येईनात. व्यापार अँटवर्प शहराकडे गेला आणि ब्रुज हळूहळू गरीब होत गेलं. गरीब शहराला जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसा कुठला? म्हणून ती घरं तशीच राहिली. आज तीच बघायला जग येतं. २००० साली युनेस्कोने हे जुनं शहर जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. ज्या गोष्टीची एके काळी लाज वाटत होती, तीच पुढे कमाईची झाली.

इथवर आम्ही मुकाट्याने ऐकत होतो. आमच्यातल्या एकीला इंग्रजी बरं येतं, ती हळू आवाजात मराठीत सांगत होती. मग तिनेच आमच्या सगळ्यांच्या मनातलं विचारलं. “ताई, व्यापारी सांगितले, विणकर सांगितले, राजा सांगितला. या सगळ्यात बायका कुठे होत्या?”

गाइड थांबली. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, चला, वाट थोडी बदलू.

ती आम्हाला आधी एका अरुंद गल्लीत घेऊन गेली. ठेंगणी, एकाला एक लागून बांधलेली पांढरी घरं, मध्ये सामाईक बाग. चौदाव्या शतकापासून श्रीमंत लोकांनी आणि कारागिरांच्या संघांनी म्हाताऱ्या, गरीब माणसांसाठी अशी घरं बांधली. विधवांचा त्यात मोठा वाटा असायचा. शहरात अशा चाळीसहून जास्त वसाहती अजून शिल्लक आहेत आणि आजही त्यांत वृद्ध माणसं राहतात. कारागिरांचे संघ म्हणजे तरी काय? दर महिन्याला थोडंथोडं जमा करायचं आणि सभासदाची बायको मागे उरली तर तिला वाऱ्यावर सोडायचं नाही. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

तिथून पुढे एक पूल ओलांडला, पलीकडे मोठं फाटक. आत शिरलो तर शहराचा आवाज एकदम बंद. मध्ये उंच झाडं, गवत, भोवती चुन्याने रंगवलेली घरं. ही बेगीन बायकांची वसाहत. १२४५ साली फ्लँडर्सची राणीच म्हणावी अशी काउंटेस, मार्गारेट, तिने ती स्थापन केली.

बेगीन म्हणजे कोण? नवरा नाही, आणि मठातली जोगीणही नाही. अविवाहित, विधवा अशा बायका एकत्र राहत. देवाधर्माचं करत, पण जन्मभराची शपथ घेत नसत. मनात आलं तर बाहेर पडून लग्न करायची मोकळीक होती. स्वतःची मालमत्ता स्वतःकडे राहायची. आणि मुख्य म्हणजे स्वतः कमवून खायचं. लोकर धुणं, सूत कातणं, विणणं, आजाऱ्यांची सेवा, मुलींना शिकवणं. आपली प्रमुख त्या आपल्यातूनच निवडत. आठशे वर्षांपूर्वी!

हे सगळ्यांना रुचलं असेल असं समजू नका. नवऱ्याच्या ताब्यात नाही, मठाच्या ताब्यात नाही, अशी बाई म्हणजे लोकांच्या डोळ्यांत खुपणारच. मार्गरेट पोरेत नावाच्या एका बेगीन बाईने पुस्तक लिहिलं, ते मागे घ्यायला ती तयार झाली नाही, म्हणून १३१० साली पॅरिसमध्ये तिला जिवंत जाळलं. त्यानंतर धर्मसभेने बेगीनांवर बंदीही घातली. तरी फ्लँडर्समधल्या या वसाहती टिकल्या. अशा १३ वसाहती १९९८ साली जागतिक वारशात आल्या. जगातली शेवटची बेगीन २०१३ साली कोर्त्राइक शहरात ९२ व्या वर्षी वारली. ब्रुजच्या वसाहतीत १९२७ साली वेगळ्या पंथाच्या धर्मभगिनी राहायला आल्या. संध्याकाळी फाटक अजूनही बंद होतं.

आमच्यातल्या एकीला नवऱ्याने टाकून चौदा वर्षं झाली. माहेरी भाऊ आहे, पण घर भावाचं. ती त्या झाडांखाली उभी राहिली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “एवढंच हवं असतं गं. आतून कडी लावता येईल असं एक दार.” आम्ही तिघींनी तिला काही समजावलं नाही. काय समजावणार?

फेरी संपत आली तेव्हा गाइडने आमच्या हातातली पिशवी बघितली. सकाळी आम्ही एका दुकानातून लेसचे रुमाल घेतले होते. ब्रुजची हाताची लेस म्हणून आनंदाने घेतले होते, आणि स्वस्त मिळाले म्हणून जास्तच आनंद झाला होता. तिने रुमाल उलटून बघितला आणि म्हणाली, “हा यंत्राचा आहे. हाताची लेस बघायची असेल तर दुपारी लेस केंद्रात जा.”

आम्ही गेलो. जुन्या लेस शाळेच्या जागेत हे केंद्र आहे. आजीच्या वयाच्या बायका मांडीसमोर उशी घेऊन बसल्या होत्या. उशीवर नक्षीचा कागद, त्यावर टाचण्या, आणि धागा गुंडाळलेल्या लाकडी दांड्या, कितीतरी जोड्या. हालचाली दोनच. एक धागा दुसऱ्यावरून टाकायचा आणि पीळ द्यायचा. टाचणी रोवायची, पुढे जायचं. आम्ही पंधरा मिनिटं बघत उभ्या होतो. तेवढ्यात नखाएवढी लेस झाली असेल नसेल.

तेव्हा आम्हाला सकाळच्या रुमालाचा हिशेब कळला. एवढ्या पैशात हे काम होणंच शक्य नव्हतं. आणि एके काळी झालं असेल, तर कुणीतरी उपाशी राहून केलं असेल. खरंच तसं झालं होतं. एकोणिसाव्या शतकात शहर गरीब झालेलं, तेव्हा लेस विणणं हाच हजारो बायकांचा आधार होता. लहान मुली लेस शाळेत जायच्या. धागा व्यापाऱ्याचा, नक्षी व्यापाऱ्याची, भाव व्यापाऱ्याचा. बाईचे फक्त डोळे आणि बोटं. श्रीमंतांच्या गळ्यात लेस आणि विणणारीच्या घरात अंधार. आपल्या देशात आंध्रातल्या नरसापूर भागात घरी बसून लेस विणणाऱ्या बायकांचा मारिया मीस या अभ्यासक बाईंनी १९८२ साली छापलेल्या पुस्तकात अभ्यास केला, तिथेही हीच गोष्ट. दिवसभर राबणाऱ्या बाईला लोक कामगार म्हणत नव्हते, ‘घरी बसून फावल्या वेळात करते’ म्हणत होते.

फावला वेळ! मैत्रिणींनो, आपण गोधडीचा भाव कसा काढतो ते आठवा. कापडाचे एवढे, दोऱ्याचे एवढे, वर थोडे. टाके घालण्याचे पंधरा दिवस कुठे गेले? गिऱ्हाईक घासाघीस करतं त्याचा आपल्याला राग येतो, पण आपणच आपले तास हिशेबात धरत नाही. आणि त्या सकाळी स्वस्त मिळालं म्हणून खूश होणाऱ्या आम्हीच होतो, हेही कबूल करतो.

आता कधी कुणाला अशा फेरीचा योग आला, मग ते युरोपातलं शहर असो की आपल्याकडचा एखादा किल्ला, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या शहरांत रस्ते दगडी गोट्यांचे असतात, म्हणून पायात घट्ट, वापरलेलं पायताण घाला. आमच्यातली एक नवीन सँडल घालून गेली आणि दोन दिवस लंगडली. निघण्याआधी स्वच्छतागृहाला जाऊन या. बऱ्याच ठिकाणी त्यालाही पैसे पडतात, सुटी नाणी जवळ ठेवा. गाइडच्या जवळ उभं राहा, मागे राहिलात तर नुसत्या पाठी दिसतात. खरेदी फेरीच्या आधी करू नका, नंतर करा, तोवर खरं काय आणि खोटं काय ते कळलेलं असतं. गाइडला तिच्या कामाचे पैसे नीट द्या. आणि प्रश्न विचारायला लाजू नका. आम्ही तो एक प्रश्न विचारला नसता तर गल्लीतली विधवांची घरं आणि ते फाटक बघायचं राहिलंच असतं. ती घरं तिथेच होती, फक्त नेहमीच्या वाटेवर नव्हती.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला घेऊन आपल्याच गावातून एक फेरी मारा. विहीर कुणी खणली, दगड कुणी वाहिले, जुन्या वाड्यात दळण कोण दळत होतं, टाकलेल्या बाईला कुणी ओसरी दिली, ते तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आणि गोधडी, पापड, कुरडया, जे काही तुमचा गट करतो, त्या एका वस्तूला लागलेले तास महिनाभर मोजा. पुढच्या भागात आपण त्या तासांचा भाव कसा लावायचा ते बोलू. वह्या घेऊनच बसा.

तो यंत्राचा रुमाल आम्ही टाकला नाही. कार्यालयातल्या फळीवर घडी करून ठेवला आहे. कुणी म्हणालं, “ताई, एवढं महाग कसं हो?” की तो काढून दाखवतो.